वाळवंटातला हिटर

शारजात राहून मी हिटर घेतला, हे कोल्हापूरला कळलं तेव्हा आई फोनवर म्हणाली, "उन्हाळ्यात नळाला चटका बसणारं पाणी येतंय म्हणून रडत असतोस की रे, आणि आता हिटर कशाला?" हिटर माझ्यासाठी नव्हताच. साडेतीन सीसीच्या एका इंजिनासाठी होता.

रिमोटवर पळणाऱ्या १/८ मापाच्या नायट्रो बग्गीचं हे इंजिन. मिथेनॉल, नायट्रोमिथेन आणि तेलाच्या मिश्रणावर चालतं, आणि शर्यतीत साधारण १०० ते १२० अंश सेल्सिअसला खुशीत असतं. त्याच्या हिशेबानं जानेवारीतली वाळवंटातली १५ अंशांची सकाळ म्हणजे कडाका, पण ३५ अंशांची दुपारही थंडच.

ही थंडी बोटांना कळते. ग्लो प्लग काढून फ्लायव्हील हातानं फिरवलं की पिस्टन अगदी वर पोचताना कचकन अडकतो. बाहेरची स्लीव्ह पितळेची, वरच्या टोकाला मुद्दाम किंचित निमुळती केलेली. आतला पिस्टन सिलिकॉन मिसळलेल्या अ‍ॅल्युमिनियमचा. तापल्यावर स्लीव्ह पिस्टनपेक्षा जास्त प्रसरण पावते आणि मग दोघांचं जुळतं. थंड असतानाच स्टार्टर बॉक्सवर दामटून फिरवलं, तर तो सगळा ताण बिचाऱ्या कनेक्टिंग रॉडवर. शिवाय मिथेनॉल वाफ होताना उष्णता ओढून घेतं, त्यामुळे गार इंजिन पेट घ्यायलाही कुरकुरतं.

मुलाच्या शाळेला २०२२ पासून शुक्रवार ते रविवार सुट्टी, त्यामुळे हिवाळाभर आमचा मुक्काम ट्रॅकवर. तिथे काहीजण हेअर ड्रायर आणतात. चालतो, पण त्याला विजेचा प्लग हवा, आणि पिटमधला प्लग कायम दुसऱ्या कोणाचा तरी असतो! वर त्या वाऱ्यानं बारीक वाळू उडते ती वेगळीच. म्हणून बॅटरीवर चालणारा, इंजिनाला चिमट्यासारखा धरणारा हिटर घ्यायचं ठरलं.

दुकानदार वॅटचे आकडे सांगत होता. मला त्यात फारसा रस नव्हता. ६० वॅटचा हिटर दहा मिनिटं चालला तर १० वॅट-तास जातात. तीन सेलच्या ५००० एमएएच लायपो बॅटरीमध्ये ५५ असतात. म्हणजे तेवढं पुरेसं. मी पाहिलं ते तापमान ठरवता येतं का आणि तिथे पोचल्यावर तो आपोआप थांबतो का. ७०-८० अंश झाले की काम झालं. त्यापुढे चालू झालेलं इंजिन स्वतःच तापतं. आणि बॅटरीचा व्होल्टेज खाली गेल्यावर बंद होणारा हवा, नाहीतर हिटरपायी लायपो मरायची. पुरेसं तापल्यावर तेच फ्लायव्हील पुन्हा फिरवलं, तर मघाची अडक जवळजवळ गेलेली असते. ही खूण मी डिस्प्लेवरच्या आकड्यापेक्षा जास्त मानतो.

इथल्या उन्हाची एक गोष्ट मात्र लक्षात ठेवावी लागते. हिटर गाडीत राहिला तरी चालेल, लायपो पार्किंगमध्ये तापणाऱ्या गाडीत कधीच ठेवायची नाही.

तुम्ही घेणार असाल तर दुकानात जाताना आपलं इंजिन बरोबर न्या. जबडा क्रँककेसला नीट चिकटून बसतो का, एक्झॉस्टच्या आड येतो का, हे तिथेच लावून बघा. फोटोत सगळेच बसतात.