मोहाखालची दहावी

मार्च लागला की अहेरीच्या पहाटेला मोहाचा वास येतो. आलापल्लीकडचं सागाचं रान पानं गाळून उघडं पडलेलं असतं, प्राणहिता वाळूतून बारीक वाहत असते, आणि दहावीची परीक्षा नेमकी याच दिवसांत येते. घरची माणसं झुंजुमुंजू व्हायच्या आधीच टोपल्या घेऊन मोहाखाली गेलेली असतात. पोर एकटंच उठतं, एकटंच पेपरला जातं. निकालाच्या सुमारास तेंदूचा हंगाम. सत्तर पानांचा एक पुडा. असे पुडे रचत घर अकरावीच्या वह्यांचा हिशेब मांडतं.

2016 पासून काही वर्षं राज्यभर दहावीच्या मुलांची कलचाचणी होत असे. आरोग्य, वाणिज्य, ललित कला, गणवेशधारी सेवा, असा कल कागदावर उमटे. इथल्या पोरांना तोंडी विचारावं, तर पोलीस, मास्तर, नर्स, वनरक्षक हीच नावं पुन्हा पुन्हा येतात. या कामांत कमीपणा काहीच नाही. पण पगार घेऊन घरी येणारी माणसं पोरांनी तेवढीच पाहिलेली असतात, हे मला सलतं.

आणि घरात काय कमी विद्या असते? कोणत्या पावसानंतर कोणती अळिंबी उगवते, कुठला कंद कधी खणायचा, कोणत्या झाडाची साल कशावर चालते, हे मायला तोंडपाठ. बाप साग नुसता पाहून त्याचं वय सांगतो. पोर हे सारं अंगावर घेऊन वाढतं आणि शाळेत आलं की विसरू लागतं. अकोल्याच्या आणि दापोलीच्या कृषी विद्यापीठांत वनशास्त्राची पदवी मिळते. रानातल्या पोराचा त्या वर्गावर पहिला हक्क आहे. पण हे त्याच्या कानावर घालणारं माणूस वेळेत भेटावं लागतं.

भेटलं तर काय घडतं, ते भामरागडच्या रानात दिसलं. हेमलकशाला 1973 मध्ये लोकबिरादरी प्रकल्प उभा राहिला, 1976 मध्ये शाळा सुरू झाली. तिथं शिकलेले कन्ना मडावी माडिया समाजातले पहिले डॉक्टर झाले, लालसू नोगोटी पहिले वकील. मला वाटतं, त्या शाळेचं मोठं मार्गदर्शन फळ्यावर नव्हतंच. शाळेशेजारी दवाखाना होता. जखम धुणारे, रात्रीबेरात्री उठणारे प्रकाश आणि मंदाकिनी आमटे मुलांना रोज दिसत. डॉक्टर होणं म्हणजे काय, हे त्यांना कुणी वेगळं समजावण्याची गरज राहिली नाही.

सगळ्या गावांना असा शेजार कुठून मिळणार? मिरची तोडायला तेलंगणात गेलेले आईबाप पालकसभेला येत नाहीत, म्हणून त्यांना आस्था नाही असं म्हणणं अन्यायाचं आहे. सभाच चुकीच्या महिन्यात असते.

म्हणून गुरुजींना आणि बाईंना कळकळीची विनंती आहे. दहावीची वाट पाहू नका, आठवीपासूनच सांगा. पालकसभा मिरची, मोह आणि तेंदू यांचे दिवस सोडून घ्या. गोंडी, माडिया, तेलुगू, जी घरची भाषा असेल तिच्यात बोलणारं माणूस सोबत बसवा. आणि जातवैधतेचा अर्ज अकरावीतच भरून घ्या. त्या एका कागदासाठी कुणाचा प्रवेश अडू देऊ नका.