सरळ कड, वाकडी कड

उपग्रहाने टिपलेल्या भूप्रतिमेस चित्र म्हणावे की दस्तऐवज, हा वाद आमच्या धंद्यातील माणसे सहसा घालीत नाहीत. कारण पिके, पडीक जमिनी आणि पाणलोट यांचे तहसीलवार हिशेब करण्यात ज्यांची हयात गेली, त्यांच्या लेखी प्रतिमा हा प्रथम पुरावा असतो, आणि तिच्या देखणेपणाविषयी दफ्तरात बोलणे म्हणजे भर न्यायालयात साक्षीदाराच्या रूपाची वाखाणणी करण्यासारखेच होय. तरीही खासगीत प्रत्येकापाशी एखादी आवडती प्रतिमा असतेच. माझी आवडती प्रतिमा भंडाऱ्याकडच्या झाडीपट्टीची आहे, आणि ती का आवडते हे सांगावयाचे तर आधी रंगांचा खुलासा करणे प्राप्त आहे.

१७ मार्च १९८८ रोजी बैकानूरहून आपला आयआरएस-१ए हा उपग्रह आकाशात गेला आणि त्याच वर्षी नागपुरात महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र स्थापन झाले. सुमारे ९०० किलोमीटर उंचीवरून तो उपग्रह दर २२ दिवसांनी त्याच मुलखावर परत येई, आणि त्याच्या एका कॅमेऱ्याचा एकेक ठिपका ७२.५ मीटर बाजूचा, म्हणजे सव्वा एकराहून अधिक जमिनीचा असे. सातबाऱ्यावर भावाभावांनी वाटून घेतलेली शेते त्या ठिपक्यात निमूटपणे एकत्र नांदत. त्या प्रतिमा हातात येत तेव्हा रान तांबडे दिसे. डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश तांबड्या रंगात, तांबडा हिरव्यात आणि हिरवा निळ्यात मांडावयाचा, अशी ही योजना. दफ्तरात तिला आम्ही नुसते एफसीसी म्हणतो. जिवंत पान अवरक्त प्रकाश भरभरून परत फेकते आणि हिरवे रंगवलेले कापड तसे करीत नाही, हे ओळखून दुसऱ्या महायुद्धात लपवलेल्या तोफा हुडकण्यासाठी अशी फिल्म वापरीत. त्या लष्करी युक्तीचा रंग पुढे आमच्या धानाला आणि सागाला लागला.

तेव्हा रंग हा निसर्गाचा नव्हे, आपला ठराव आहे, आणि तो तेवढ्यावरच थांबत नाही. वऱ्हाडातील काळ्या कापसाच्या जमिनीचा उन्हाळी फेर घेतला तर उपग्रहाने नोंदलेले आकडे एका अरुंद पट्टीत दाटीवाटीने बसलेले आढळतात आणि मूळ प्रतिमा मळकट, निर्जीव दिसते. ते आकडे ताणून काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत पसरावे लागतात, आणि किती ताणावयाचे हे ठरविणारा हात माणसाचा असतो. ज्या हाताला हौस आवरत नाही त्याच्याकडून भडक जांभळ्या टेकड्या आणि पिरोजी नद्या निपजतात, व त्या दिनदर्शिकांवर विराजमान होतात. मला त्या आवडत नाहीत. ताण इतकाच द्यावा की दोन मातींतला भेद उघड व्हावा. त्यापुढचा ताण ही खुशामत झाली.

दिशेचा मामला याहून मौजेचा आहे. मी राहतो त्या नागपूरच्या रामदासपेठेत रुग्णालयांना तोटा नाही, आणि त्यांपैकी एका प्रतीक्षागृहात सातपुड्याची एक प्रतिमा दक्षिण वर करून, म्हणजे रूढ अर्थाने उलटी टांगलेली आहे. एका परिचिताने मला ती दाखवून, ‘साहेब, डॉक्टरांना सांगून टाका’ असे सुचविले. मी सांगितले नाही. हे उपग्रह सकाळी साडेदहाच्या सुमारास आपल्यावरून जातात. त्या वेळी, विशेषतः हिवाळ्यात, सूर्य आग्नेयेस असतो आणि डोंगरांच्या सावल्या वायव्येस, म्हणजे कागदाच्या वरच्या बाजूस पडतात. प्रकाश वरून येतो अशी सवय जन्मभर लागलेल्या डोळ्याला मग दऱ्या उंच आणि डोंगर खोल दिसू लागतात. कागद फिरवला की भ्रम नाहीसा होतो. म्हणून नकाशाच्या दृष्टीने डॉक्टर चुकले असले तरी डोंगरांच्या दृष्टीने ते बरोबर आहेत. ७ डिसेंबर १९७२ रोजी अपोलो १७ च्या प्रवाशांनी घेतलेले पृथ्वीचे सुप्रसिद्ध छायाचित्रही मुळात दक्षिण ध्रुव वर असलेलेच होते. ते जगापुढे ठेवताना फिरविण्यात आले, कारण जगाला नकाशाची सवय होती.

रंग ठरावाचा, दिशा सवयीची. तर मग या चित्रात खरे असे काय उरते? माझ्या मते, रेषा. अचलपूरच्या उत्तरेस गाविलगडचे डोंगर जेथे पूर्णेच्या गाळाच्या मैदानाला भेटतात तेथील रेषा कोणीही कशीही रंगवली तरी तिथेच राहते, कारण ती भूकवचातील भ्रंशाची आहे. परंतु भूगर्भाच्या रेषेपेक्षा मला माणसाची रेषा अधिक थांबवून धरते, आणि ती पाहावयास पूर्वेकडे जावे लागते.

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या झाडीपट्टीच्या टापूत गोंड राजवटीपासून बांधले गेलेले हजारो तलाव आहेत. त्यांच्या बांधणीचे श्रेय मुख्यतः कोहळी समाजाकडे जाते, आणि नवेगावबांधचा विस्तीर्ण जलाशय परंपरा कोलू पाटील कोहळी यांच्या नावे सांगते. ऑक्टोबर अखेरची प्रतिमा घ्यावी. सभोवार धानाच्या बांध्यांचा तांबडा रंग असतो आणि त्यात गडद निळे-काळे डाग विखुरलेले असतात. प्रत्येक डागाची एक कड सरळ किंवा किंचित बाकदार, आणि उरलेली सारी कड दातेरी, ओघळांच्या मुखात शिरत गेलेली. सरळ कड ही पाळ, म्हणजे माणसाने घातलेली माती. वाकडी कड ही चढाने जेथे थांबविले तेथे थांबलेल्या पाण्याची. एकाचा सांडवा दुसऱ्याच्या पोटात उतरतो, आणि पाळीतल्या तुडुमातून, म्हणजे पाणी सोडण्याच्या मोरीतून, निघालेले पाणी खालच्या शिवारात कोठवर पोचते तेही त्या तांबड्या रंगाच्या दाटपणावरून कळते. मालगुजारीच्या काळात गावच्या पाण्याची वहिवाट ‘वाजिब-उल-अर्ज’ नावाच्या कागदात लिहून ठेवीत. १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा झाले, आणि कागदातील वहिवाट पुष्कळ ठिकाणी कागदातच राहिली. प्रतिमेवर मात्र ती अजून वाचता येते. ज्यांनी ही पाळ घातली त्यांनी ती वरून कधी पाहिली नाही. पावसाळ्यात ओघळांतून चालून, चिखल तुडवून त्यांनी जी उतरण ताडली तिची अचूकता आम्हांस अवकाशातून पडताळता येते, आणि या चित्राखाली कोणाची सही हवी याविषयी मला शंका राहत नाही.

येथेच एक अडचण उभी राहते. तलाव गाळाने भरू लागला की त्याचा काळा रंग फिकट निळा होतो, आणि त्यात बेशरम व पाणवनस्पती माजल्या की त्या निळ्यावर गुलाबी-तांबडी झाक पसरते. एफसीसीमध्ये मरणारा तलाव निरोगी तलावाहून कितीतरी सुंदर दिसतो. कोराडीच्या औष्णिक केंद्राचे राखेचे तलाव असेच निळसर शुभ्र चमकतात, आणि न जाणणाऱ्यास तो प्रतिमेतील सर्वांत मोहक भाग वाटतो. २००२ साली वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये लँडसॅट उपग्रहाच्या प्रतिमा केवळ कलाकृती म्हणून मांडल्या गेल्या. तो उपक्रम मला मान्य आहे, पण रूप पाहावे आणि अर्थ विचारू नये, ही अट मला पाळता येणार नाही. जाणल्याने सौंदर्य ओसरते असा माझा अनुभव नाही. त्याला वजन येते एवढेच. जून २०२० मध्ये लोणारचे सरोवर गुलाबी झाले आणि पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने खारे पाणी मानवणाऱ्या सूक्ष्मजीवांच्या रंगद्रव्याकडे बोट दाखविले, तेव्हा नासाने २५ मे आणि १० जूनच्या प्रतिमा शेजारी शेजारी ठेवल्या होत्या. त्या नैसर्गिक रंगात होत्या म्हणून ठीक. आमच्या ठरावाप्रमाणे तांबडा हिरव्यात मांडला असता तर तेच गुलाबी पाणी हिरवटपणाकडे झुकले असते.

एखाद्याने घरी लावण्यासाठी प्रतिमा मागितली की मी एकच आग्रह धरतो. खालच्या समासात बारीक अक्षरांत उपग्रहाचे नाव, मार्ग व ओळीचा क्रमांक, तारीख आणि सूर्याची उंची छापलेली असते. बर्डीवरचा तसबीरवाला ‘हे कापून टाकू काय भाऊ, साफ दिसंल’ असे हटकून विचारतो. मी कापू देत नाही. तारीख गेली की ऑक्टोबरचे धान आणि एप्रिलमधला तलावातला माजलेला झुडोरा यांच्या तांबड्यात निवाडा करावयास साधन उरत नाही. तो मान डोलावतो, फूटपट्टी काढतो, आणि चौकटीचा दर फुटावर असल्यामुळे समासाचे पैसेही धरून हिशेब सांगतो.