तेरची वीट आणि आईचा माठ

आमच्या पुण्याच्या घरात फ्रिज आला, पण माठ काही गेला नाही. याचे सारे श्रेय आईचे. होळी झाली की ती कुंभारवाड्यात जायची, एकेक माठ उचलून टिचकीने वाजवायची आणि दहा-बारा माठ नापास केल्यावर एक घरी आणायची. मी पेशाने विज्ञानाचा मास्तर. पण तिच्या या परीक्षेची मला नेहमी गंमत वाटे.

दोन वर्षांपूर्वी तिने एकाएकी सांगितले, "आता माठ तूच आणत जा." मी दिसायला सुबक असा एक आणला. सकाळी ओट्यावर तळे! "वाजवला नाहीस वाटतं," एवढेच ती म्हणाली. अलीकडे हाक मारली तर ओ नाही, विचारावे एक तर उत्तर दुसरेच. आईचे घरात लक्ष उरले नाही, असे मी ठरवून टाकले होते. एकदोनदा तर रागावलोही.

गेल्या वैशाखात तिने हट्ट धरला, "एकदा तेरला ने रे. गोरोबाकाकांचं दर्शन राहिलंय."

उस्मानाबादचे नाव २०२३ मध्ये धाराशिव झाले. तेथून तासाभराच्या आत तेरणेकाठचे तेर येते. आज ते साधेसुधे गाव दिसते. पण दोन हजार वर्षांपूर्वी हेच 'तगर' होते. येथील कापड गाड्यांत भरून भडोचच्या बंदरात जाई आणि तेथून जहाजाने पश्चिमेकडे. एका ग्रीक दर्यावर्दीने पहिल्या शतकात हे लिहून ठेवले आहे. गावातल्या लामतुरे संग्रहालयात त्या वैभवाचे अवशेष मांडले आहेत. येथे सापडलेल्या हस्तिदंती स्त्रीमूर्तीसारखीच एक मूर्ती दूर इटलीत, पाँपेईच्या राखेखाली सापडली.

पण तेरची खरी मौज तिथल्या विटेत आहे. त्रिविक्रमाचे जुने मंदिर विटांचे, मागून हत्तीच्या पाठीसारखे गोल. मूळचा तो बौद्ध चैत्य असावा, असे काही अभ्यासक मानतात. गावातल्या एका वृद्ध गृहस्थांनी जुन्या विटेचा एक तुकडा जपून ठेवला होता. त्यांनी तो बादलीत सोडला. तुकडा बुडाला नाही! आई हात जोडून उभी राहिली. मी मात्र मास्तर झालो.

वीट तरंगते याचा अर्थ इतकाच, की ती आपल्या आकाराच्या पाण्यापेक्षा हलकी आहे. साधी वीट पाण्याच्या दीडपट-दुपटीने जड असते. जुने कारागीर चिखलात भाताचा कोंडा मिसळत. भट्टीत कोंडा जळून जाई आणि त्याच्या जागी बारीक पोकळ्या राहत. वीट तरंगते तोवर त्यांत हवा कोंडलेली असणारच. वीट हलकी, म्हणून छताचा भार कमी आणि भिंतींवरचा ताणही कमी.

माठ थंड होतो तोही अशाच छिद्रांमुळे. फक्त ही छिद्रे एकमेकांना जोडलेली असतात. त्यांतून पाणी झिरपते, बाहेर येऊन वाफ होते आणि जाताना आतली उष्णता घेऊन जाते. एक ग्रॅम पाण्याची वाफ व्हायला सुमारे ५८० कॅलरी लागतात. तेवढी उष्णता काढून घेतली, तर ५८ ग्रॅम पाणी १० अंशांनी थंड होते. म्हणूनच मराठवाड्याच्या कोरड्या उन्हाळ्यात माठ गारेगार आणि मुंबईच्या दमट हवेत आळशी!

गोरोबाकाकांच्या समाधीपाशी आईने मला ती प्रसिद्ध कथा ऐकवली. संतमेळा जमलेला. मुक्ताबाईने थापटण्याकडे बोट दाखवून विचारले, हे कशाला? मडके कच्चे की पक्के ते पारखायला, असे उत्तर आले. मग गोरोबाकाकांनी एकेका संताच्या डोक्यावर थापटणे मारले. रागावले फक्त नामदेव, आणि कच्चे ठरले.

बाहेर एक कुंभारीण माठ मांडून बसली होती. "वाजवून बघा की, आजी."

आईने टिचकी मारली, पण कान जवळ नेला नाही. डाव्या हाताची बोटे माठाच्या पोटावर टेकवून ती थांबली. दोन माठ बाजूला सारले, तिसरा घेतला.

"हे काय नवीन?" मी विचारले. तिने ऐकलेच नाही. समोर जाऊन पुन्हा विचारले, तेव्हा हसून म्हणाली, "टिचकीचा आवाज आता येत नाही रे मला. पण बोटांना कळतं."

पक्के भाजलेले मडके एकसंध असते. त्याचे कंपन क्षणभर टिकते, म्हणून ते खणकन वाजते. तडा असेल तर कंपन तिथेच जिरते आणि आवाज बद्द येतो. वर्गात मी हे कितीदा शिकवले! ध्वनी म्हणजे कंपन, आणि ते बोटांनाही कळते. पण आईच्या कानांचे मला दोन वर्षे कळले नव्हते. गोरोबाकाकांचे थापटणे त्या दिवशी माझ्या डोक्यावर पडले असते, तर निकाल सांगायला नकोच.

पुण्याला परतल्यावर आईला कानाच्या डॉक्टरांकडे नेले. तेरचा माठ ओट्यावर आहे. अजून एक थेंबही गळला नाही. आणि आईला काही सांगायचे असले, की मी आता तिच्यासमोर जाऊन उभा राहतो.