वेड पांघरून टाकीकडे!

‘वेड पांघरून पेडगावला जाणे’ ही म्हण ज्या पेडगावची, ते श्रीगोंदा तालुक्यातलं. माझं पेडगाव परभणी जिल्ह्यातलं. पण वेड पांघरण्यात आम्हीही कमी नाही. पावसाळ्यात आमच्या घरी पाहुणे, पिकं, पॉलिटिक्स, सगळ्यावर चर्चा होते. फक्त परसातल्या सेप्टिक टँकवर होत नाही.

खरं तर दरवर्षी तेच. जुलैत तीन दिवस झड लागली की संडासातलं पाणी खाली जायचं नाव घेत नाही. ‘पावसाळाय, चालायचंच,’ असं म्हणून बाबा पेपर उघडतात. गेल्या वर्षी लॅपटॉप घेऊन पंधरा दिवस गावी राहिले, तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. दुपारच्या चहानंतर आई पाणीच पीत नव्हती. रात्री उठायला लागू नये म्हणून! त्या दिवशी ठरवलं, बास झालं.

मिस्तरींचा उपाय तयार होता. ‘ताई, शोषखड्डा अजून पाच फूट खोल घेऊ.’ ऐकायला एकदम लॉजिकल. पण फ्रीलान्सरला प्रश्न विचारायची सवय असते. टाकी करते काय? गाळ खाली बसवते, जंतूंकडून तो थोडाफार कुजवून घेते. बाकी जेवढं पाणी आत येतं, तेवढंच बाहेर पडतं. ते जिरवायचं काम मातीचं. आणि आमची माती म्हणजे मराठवाड्याची काळी कापसाची. मे महिन्यात तिच्या भेगांत चप्पल अडकते, पावसात तीच फुगून भेगा मिटवून टाकते. मग पाणी जिरणार कुठे? खड्डा खोल नेला तर तो भूजलाच्या आणखी जवळ जातो आणि पावसात बाहेरूनच भरतो. वर आमची विहीर जेमतेम तीस फुटांवर. आयएस २४७० हे भारतीय मानक सांगतं, जिरवण्याची जागा पिण्याच्या पाण्यापासून किमान १८ मीटर, म्हणजे साधारण साठ फूट हवी.

याच मानकात मातीची एक सोपी टेस्ट आहे. छोटा खड्डा घ्या, पाणी भरून रात्रभर भिजू द्या आणि दुसऱ्या दिवशी पाणी २.५ सेंटिमीटर उतरायला किती मिनिटं लागतात ते मोजा. भिजवणं मस्ट! नाहीतर उन्हाळ्यात भेगा पाणी गटागटा पितात आणि रिझल्ट फर्स्ट क्लास येतो. ३० मिनिटांपर्यंत शोषखड्डा चालतो, ६० पर्यंत चर. त्यापुढे आधी फिल्टर हवा. मी मोबाइलवर स्टॉपवॉच लावून बसले. तास उलटला तरी पाणी तिथेच!

मग इंजिनीअर मित्राला गाठलं आणि डिझाइन उलटं केलं. खोल नाही, वर जायचं. दोन कप्प्यांची बंद टाकी, अर्धी जमिनीच्या वर. त्यानंतर खडीचा फिल्टर, त्यात पाणी खालून वर चढतं. शेवटी मुरूम-वाळू आणून केलेला दोन फूट उंच, लांबट वाफा, विहिरीपासून सत्तर फुटांवर. वर कर्दळ आणि केळी. पाणी एका जागी कोंडण्याऐवजी पसरतं, थोडं मुळं पितात, थोडं ऊन-वारा नेतो. न्हाणीचं पाणी वेगळं काढलं, पत्र्याची पन्हाळ दुसरीकडे वळवली. टाकीवरचा भार तेवढाच कमी. संडासाचं जोतं उचलावं लागलं, म्हणून आईसाठी तीन पायऱ्या आणि धरायला पाइप. खर्च? एका चांगल्या आयफोनएवढा.

उपसायचं काय, हा प्रश्न बाबांचा. ‘माणूस उतरवू एखादा,’ असं कुणीतरी म्हणालंच. साफ नाही म्हटलं. टाकीतला गॅस क्षणात जीव घेतो. सुरक्षा साधनांशिवाय माणूस आत उतरवायला २०१३ च्या कायद्याने बंदी आहे. २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने गटारातल्या मृत्यूंची भरपाई १० लाखांवरून ३० लाख केली. इतके जीव गेल्यावर! म्हणून टँकरचा पाइप पोहोचेल असं झाकण रस्त्याच्या बाजूला ठेवलं. उपसायचं दोन-तीन वर्षांनी, तेही पावसाळा सोडून. कारण ओल्या जमिनीत रिकामी टाकी होडीसारखी वर उचलली जाते.

यंदाच्या झडीत फ्लश नीट चालला आणि आई रात्री तांब्या उशाशी घेऊन झोपली. टाकीला खरी परीक्षा अजून बऱ्याच पावसाळ्यांची आहे.

देहूच्या डॉ. सुहास मापुसकरांनी संडास आणि स्वच्छतेच्या कामाला आयुष्य वाहिलं, २०१७ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली. आपल्याला तेवढं करायचं नाहीये. पुढच्या फोनवर ‘जेवलात का?’ झालं की एवढंच विचारा, ‘पावसात संडासाचं पाणी जातं का नीट?’ पलीकडे दोन सेकंद शांतता असेल. फोन ठेवू नका.