खालच्या पट्टीचं देणं

आठवीत आवाज फुटला आणि स्नेहसंमेलनाच्या समूहगीतात मला शेवटच्या रांगेत उभं केलं गेलं. "तू नुसते ओठ हलव." पेटी काळी पाचवर, माझा गळा पार तळाला. घरी मी हे कोणाला सांगितलं नाही.

आजी संध्याकाळी सेवाग्रामला प्रार्थनेला जायची. त्या वर्षी मीही जाऊ लागलो. उघड्यावर, खड्यांच्या जमिनीवर पट्ट्या अंथरलेल्या. उठताना गुडघ्यावर खड्यांचे ठसे. जपानी भिक्षूंकडून आलेला मंत्र, ईशावास्य, स्थितप्रज्ञाचे श्लोक, मग भजन. भजन उचलणारे काका पेटीविना, स्वतःला झेपेल तिथून सुरू करत आणि ते बरंच खाली असे. मी ओठ हलवत होतो. आजीनं कोपर मारलं, "म्हन ना बाबू, लाजतं कायले?"

म्हटलं. कोणी मागे वळून पाहिलं नाही.

पुढे कधीतरी आजीची 'आश्रम भजनावली' चाळताना भजनांवर छापलेले राग-ताल दिसले आणि प्रस्तावनेत नाव भेटलं: नारायण मोरेश्वर खरे. विष्णु दिगंबर पलुस्करांचे शिष्य. गांधीजींनी गवई मागितला, पलुस्करांनी यांना दिलं. 1918 च्या सुमारास ते साबरमतीला आले. गुरूच्या तालमीतल्या गवयापुढे मैफिलींची वाट मोकळी होती. यांनी विणकर, सुतार, स्वयंपाकघरातल्या बाया, पोरं यांना सुरात आणायचं काम धरलं. 1930 च्या दांडीयात्रेतही ते चालले. 1938 साली, हरिपुरा काँग्रेसच्या तोंडावर, तिथंच वारले. सेगावचं सेवाग्राम व्हायला तेव्हा दोन वर्षं होती.

संगीताच्या गप्पांत पलुस्करांच्या शिष्यांची नावं निघतात, ओंकारनाथ, विनायकबुवा. खरे क्वचितच. मला त्याचा राग येतो. पण हेही कळतं, की शंभर जणांना गायला लावणाऱ्याचा स्वतःचा आवाज त्या शंभरांत मिसळूनच जाणार.

माझा आवाज ढाला आहे, हे मला फार उशिरा एका गायकमित्रानं सांगितलं. तोवर मी त्याला भसाडाच म्हणत होतो.

आजीच्या प्रतीतलं प्रस्तावनेचं पान सुटलं होतं. तिनं ते चिकटवलं नाही. स्वतः कातलेल्या सुतानं शिवलं. टाके मोठे आहेत, अक्षरांवरूनच गेलेत. खऱ्यांच्या आडनावातला 'रे' दोऱ्याखाली गेलाय.