त्रिकोणाचे १८०.०१ अंश

शाळा नाही म्हटल्यावर ‘गणिताचं काय?’ हा नातेवाइकांचा ठरलेला प्रश्न. आमचं मुख्य पुस्तक बालभारतीचंच. क्रमाने, वहीत, पेन्सिलीने. जोडीला संगणकावर जिओजेब्रा. मार्कुस होहेनवार्टर यांनी ऑस्ट्रियात सुरू केलेलं हे सॉफ्टवेअर घरी वापरायला फुकट आहे.

आज लेकीने त्रिकोण काढला आणि एक शिरोबिंदू माउसने ओढत सुटली. कोन बदलत होते, बेरीज काही हलेना. मग तिने पडद्यावरचे आकडे वहीत मांडले: ५२.४७, ६१.२७, ६६.२७. बेरीज १८०.०१! “आई, पुस्तक चुकलं की कॉम्प्युटर?”

कुणीच नाही. प्रत्येक कोन दोन दशांश स्थळांपर्यंतच दाखवला होता, पुढचे अंक आत दडलेले. आसन्न किंमत म्हणजे काय, यात आमची अख्खी दुपार गेली. (वरणाला फोडणी राहिली ती राहिलीच.)

पण बेरीज १८०च का, हे पडद्याने सांगितलं नाही. शिरोबिंदूतून पायाला समांतर रेषा काढून, व्युत्क्रम कोन रंगवून, ते वहीतच उलगडलं. सगळं गणित सॉफ्टवेअरवर सोपवणारे पालक भेटतात; मला ते पटत नाही. आमच्याकडे जिओजेब्रा राहील, पण पूरक म्हणूनच.