अति म्हणजे किती?

इंग्रज माणूस मोजके बोलतो आणि आपण मराठी माणसे राईचा पर्वत करतो, अशी एक समजूत आपल्याकडे रूढ आहे. परंतु ग्रंथालयातला जाडजूड इंग्रजी शब्दकोश एकदा उघडावा आणि मग या समजुतीचे काय होते ते पाहावे! अवाजवी, अतिरंजित, फुगवलेले, वाहवत गेलेले असे सांगणाऱ्या विशेषणांचे तिथे गोकुळच नांदते आहे. ज्या भाषेत अतिरेकाला इतकी नावे, त्या भाषेच्या लोकांना अतिरेक चांगलाच ठाऊक असला पाहिजे.

गंमत अशी, की यांतल्या कित्येक शब्दांचे कूळ शोधत गेले की रोजच्या पाहण्यातली एखादी वस्तू हाती लागते. ‘एक्झॅजरेटेड’ म्हणजे अतिरंजित. त्याच्या मुळाशी लॅटिन भाषेतला मातीचा ढीग आहे; ढिगावर आणखी ढीग रचत जाणे, हा मूळ अर्थ. आपली ‘अति तेथे माती’ ही म्हण इथे किती अचूक बसते! ‘एनॉर्मस’च्या पोटात सुताराचा गुण्या दडला आहे, गुण्यात न बसणारे ते एनॉर्मस. ‘सुपरफ्लुअस’ म्हणजे काठावरून ओसंडून गेलेले. ‘एक्झॉर्बिटंट’ हे विशेषण आज बहुधा किमतीला नाहीतर भाड्याला लागते. मूळ अर्थ मात्र गाडीच्या चाकोरीबाहेर गेलेले. चाकोरी सोडली की मराठीत कौतुक होते आणि इंग्रजीत भाव अवाच्या सव्वा होतो!

माझा सर्वांत आवडता शब्द ‘बॉम्बॅस्टिक’. त्याचा बॉम्बशी काही संबंध नाही, तो चक्क कापसाचा शब्द आहे. सोळाव्या शतकात इंग्लंडातले शौकीन लोक अंगरख्यात कापूस भरून छाती रुंद करून घेत. त्या भरणीला ‘बॉम्बॅस्ट’ म्हणत. पुढे पोकळ आणि फुगीर भाषेलाही तेच नाव मिळाले. कापूस वेचणाऱ्या घरातल्या मुलीला हा शब्द परका कसा वाटावा? गाडीत कापूस किती दिसतो आणि काट्यावर किती भरतो, यातले अंतर आम्ही लहानपणापासून पाहत आलो आहोत.

या शब्दांत एक गोष्ट समान आहे. प्रत्येकाला आधी एक मर्यादा लागते. ओसंडण्यासाठी काठ हवा, भरकटण्यासाठी चाकोरी हवी. आपल्या ‘बेसुमार’ या शब्दातही ‘सुमार’ म्हणजे मोजणी आहेच. मोजणी ज्याला ठाऊक, त्यालाच बेसुमार म्हणण्याचा अधिकार.

पण वापरून वापरून शब्दांची धार जाते. ‘टेरिफिक’ म्हणजे एके काळी थरकाप उडवणारे आणि ‘ऑफुल’ म्हणजे मनात धाक उत्पन्न करणारे. आज चित्रपट टेरिफिक असतो आणि चहा ऑफुल. आपण तरी कुठे मागे आहोत? कँटीनची भजी आपल्याला ‘भयंकर’ आवडतात, स्नेहसंमेलनातले नाटक ‘भयानक’ सुंदर होते. उद्या खरोखरच काही भयंकर घडले तर त्यासाठी कोणता शब्द शिल्लक ठेवला आहे आपण?

हवामान खाते मात्र विशेषणे उधळीत नाही. चोवीस तासांत ६४.५ मिलीमीटर पाऊस झाला तर तो ‘हेवी’, ११५.६ पासून ‘व्हेरी हेवी’ आणि २०४.५ पासून पुढे ‘एक्स्ट्रीमली हेवी’. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझला ९४४ मिलीमीटर पाऊस पडला. विशेषणांची शिडी २०४ च्या जवळपास संपली होती. पाऊस तिच्या चौपटीहूनही वर चढला. म्हणून लोकांच्या स्मरणात त्या दिवसाचे विशेषण राहिले नाही, तारीख आणि आकडा राहिला.

आमच्याकडे सरकारदरबारचा शब्द आहे ‘अतिवृष्टी’. महसूल मंडळात चोवीस तासांत ६५ मिलीमीटरहून अधिक पाऊस नोंदला गेला तर ती अतिवृष्टी. गेल्या पावसाळ्यात एका रात्री आमच्या शेताचा बांध दोन ठिकाणी फुटला. घरात कॉलेजात जाणारी मी एकटीच, तेव्हा अर्ज लिहिण्याचे काम ओघानेच माझ्याकडे आले. मी कागद पुढे घेतला तेव्हा बाबा म्हणाले, “पोरी, रडगाणं नको. किती गेलं तेवढं लिही.” त्यांनी सांगितले तसे मी लिहीत गेले. दीड एकर कपाशी. पाणी तीन दिवस उभे. वरची वीतभर माती ओढ्यात. साऱ्या अर्जात एकही विशेषण नव्हते आणि तरीही तो पुन्हा वाचताना माझा घसा दाटून आला.

पर्जन्यमापक मंडळाच्या गावी, आमच्या शेतापासून नऊ किलोमीटरवर. तिथे त्या रात्री ५८ मिलीमीटर नोंदले गेले. तेव्हा आमच्या पावसाला ‘अति’ हे उपपद मिळाले नाही. कारकुनाने वहीतला आकडा दाखवला; बाबांनी तो वाचला, मान हलवली आणि आम्ही परतलो.

त्या दिवसापासून एवढे कळले, की विशेषण हा भाषेचा नुसता दागिना नव्हे. एखाद्या शब्दावर कुणाचे वर्ष अवलंबून असते. म्हणून ‘अति’ म्हणण्यापूर्वी ‘किती’ हे विचारलेच पाहिजे. बाबा तेच सांगत होते. पण त्याच्या जोडीला आणखी एक प्रश्न विचारायला हवा, आणि तो आपण शिकलेल्यांनीच विचारायला हवा. मापले कुठे? कपाशी एका गावची आणि माप दुसऱ्या गावचे, अशा हिशेबात खरा अतिरेकही वहीत ‘सामान्य’ होऊन बसतो.